मागचा तांबडा दिवा

प्रस्तावना

रात्री रस्त्याने जाणाऱ्या मोटारीचे पुढचे दिवे चालकाला रस्ता दाखवतात. मागचे तांबडे दिवे मात्र चालकाला काहीच दाखवत नाहीत. ते मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लावलेले असतात. त्यामुळे त्यांपैकी एखादा बंद पडला, तर ज्याची गाडी आहे त्याला ते कळत नाही आणि ज्याला कळते त्याला ते सांगण्याची संधी बहुधा मिळत नाही. त्यातही दिवा पूर्णपणे बंद न पडता अधूनमधून जात-येत असेल, तर त्याचा दोष शोधणे हे मोठे चिकाटीचे काम होऊन बसते. असा दोष कसा शोधावा, याचा विचार या पाठात केला आहे.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• मोटारीच्या मागच्या दिव्यांची रचना व कार्य सांगता येईल;
• दिवा अधूनमधून बंद पडण्याची कारणे स्पष्ट करता येतील;
• दोष शोधण्याची क्रमबद्ध पद्धत समजावून देता येईल;
• निरीक्षण आणि अंदाज यांतील फरक उदाहरणाने दाखवता येईल.

मूळ पाठ

एक उदाहरण पाहू. नाशिकचे एक कुटुंब रात्री मुंबईहून परत येत होते. कसारा घाट चढून झाल्यावर ते चहासाठी थांबले. त्यांच्या मागोमाग आलेला एक टेम्पो तेथेच थांबला. टेम्पोचालक उतरून त्यांच्याजवळ आला आणि म्हणाला, ''भाऊ, तुमचा डावा दिवा मधूनच जातो. आणखी थोडा जवळ आलो असतो, तर कठीण होते.'' दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजमध्ये नेली. तेथे डिकी उघडून पाहिले, तर दिवा व्यवस्थित लागत होता. तरीही खबरदारी म्हणून बल्ब बदलला गेला. आठ दिवसांनी शेजाऱ्याने सांगितले की, डावा दिवा लागत नाही. गाडी पुन्हा गॅरेजमध्ये गेली आणि दिवा पुन्हा लागला!

वरवर पाहता हा दोष लहरी वाटतो. यंत्राला मात्र लहर नसते. दिवा जेव्हा जातो, तेव्हा त्या क्षणी काहीतरी वेगळे घडलेले असते. गाडीला धक्का बसलेला असतो, पाणी शिरलेले असते, एखादा भाग तापलेला असतो किंवा एखादी तार वाकलेली असते. दोष ज्या अटींवर प्रकट होतो, त्या अटी शोधून काढणे म्हणजेच त्याचे निदान करणे होय.

प्रवाहाची वाट

हे समजण्यासाठी प्रथम दिव्यापर्यंत वीज कशी येते ते पाहिले पाहिजे. मोटारीतील बॅटरी साधारणतः 12 व्होल्टची असते. तिच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूजमधून आणि बटणातून किंवा नियंत्रक यंत्रणेतून तारेवाटे मागे जातो. वाटेत कपलर लागतात. कपलर म्हणजे दोन तारांचे गुच्छ एकमेकांत बसवणारी जोडणी. त्यापुढे बल्बचा होल्डर आणि मग बल्ब. बल्बमधून बाहेर पडलेला प्रवाह एका छोट्या तारेने गाडीच्या लोखंडी अंगात उतरतो आणि त्या अंगातूनच बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या परतीच्या जोडणीला गॅरेजमध्ये 'अर्थिंग' म्हणतात. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची, तितकीच परतीची वाटही महत्त्वाची असते. पण शोध घेताना परतीची वाट अनेकदा विसरली जाते.

बल्बच्या अनेक गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तंतू असतात. त्यांपैकी 5 वॅटचा तंतू रात्री सतत जळतो, तर 21 वॅटचा तंतू ब्रेक दाबल्यावर पेटतो. पहिल्याला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह लागतो, तर दुसऱ्याला सुमारे पावणेदोन अँपिअर. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या गंजलेल्या जोडणीतून थोडा प्रवाह सहज जातो, पण अधिक प्रवाह मागितला की ती अडखळते. म्हणूनच 'रात्रीचा दिवा बरा, पण ब्रेकचा दिवा मंद' अशी तक्रार काही वेळा ऐकू येते.

दोषाची नेहमीची ठिकाणे

पहिले ठिकाण म्हणजे बल्ब आणि होल्डर. बल्बचा तंतू तुटलेला असूनही त्याची दोन टोके एकमेकांना टेकलेली असू शकतात. खड्ड्यात ती सुटतात आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा टेकतात. होल्डरमधील पितळी पट्टी उष्णतेने सैल पडते किंवा तिच्यावर क्षार साचतात. होल्डरचे प्लास्टिक वितळल्यासारखे किंवा काळवंडलेले दिसले, तर तेथे संपर्क नीट होत नाही असे समजावे. अशा होल्डरमध्ये नवा बल्ब घातला, तरी दोष काही दिवसांनी परत येतो.

दुसरे ठिकाण म्हणजे अर्थिंग. दिव्याची परतीची तार गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने किंवा बोल्टने जोडलेली असते. तेथे रंग, गंज किंवा माती आली की प्रवाहाला अडथळा होतो. इंडिकेटर लावल्यावर त्याच्या तालावर टेल लाइट मंद-तेज होऊ लागला किंवा ब्रेक दाबल्यावर न लावलेले दिवेही मिणमिणू लागले, तर संशय प्रथम अर्थिंगवर घ्यावा. परतीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह शेजारच्या दिव्यांच्या तंतूंमधून दुसरी वाट शोधत असतो.

तिसरे ठिकाण म्हणजे डिकीच्या झाकणाचा सांधा. आजच्या अनेक गाड्यांत मागच्या दिव्याचा काही भाग गाडीच्या अंगावर, तर काही भाग झाकणावर असतो. झाकणाकडे जाणाऱ्या तारा एका रबरी नळीतून बिजागरीजवळून जातात. झाकण प्रत्येक वेळी उघडताना व मिटताना त्या वाकतात. काही वर्षांनी तारेच्या आतील तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण मात्र शाबूत असते, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही.

चौथे कारण म्हणजे पाणी. पावसाळ्यात दिव्याच्या काचेच्या कडेचे रबर सैल असेल, तर ओल आत शिरते. कपलरच्या पिनांवर हिरवट क्षार धरतात. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा या क्रियेला वेग देते. कपलर कोरडा झाला की दिवा पुन्हा लागतो आणि दोष गेला असे वाटते. परंतु क्षार तेथेच असतात.

नव्या गाड्यांतील नवे प्रश्न

पूर्वी दिव्याचे बटण थेट दिव्याच्या प्रवाहाशी जोडलेले असे. आता अनेक गाड्यांत बटण केवळ सूचना देते आणि 'बॉडी कंट्रोल मॉड्यूल' नावाची संगणकीय पेटी दिव्याला वीज पुरवते. ही पेटी प्रवाहावर लक्ष ठेवते. प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी झाला, तर बल्ब गेला असे समजून ती चालकासमोर सूचना देते. प्रवाह फार वाढला, तर तारा जळू नयेत म्हणून ती पुरवठा तोडते. काही गाड्यांत असे वारंवार घडल्यास तो मार्ग बंदच ठेवला जातो. मग मूळ दोष काढून पेटीतील नोंद पुसल्याशिवाय नवा बल्बही लागत नाही.

या पेटीत साठवलेला दोषाचा सांकेतिक क्रमांक स्कॅनर नावाच्या उपकरणाने वाचता येतो. तो उपयोगी असतो, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'डाव्या टेल लाइटच्या मार्गात खंड' अशी नोंद सापडली, तर खंड आहे एवढेच कळते. तो बल्बमध्ये आहे, कपलरमध्ये आहे की अर्थिंगमध्ये, हे तो क्रमांक सांगत नाही. ते माणसानेच शोधावे लागते.

एलईडी दिव्यांनी आणखी एक बदल घडवला. साध्या बल्बचा तंतू तापून पूर्ण तेजाने उजळायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. एलईडी जवळजवळ तत्क्षणी उजळतो. ताशी 90 किलोमीटर वेगाने येणारे वाहन 0.2 सेकंदात 5 मीटर अंतर कापते. मागच्या चालकाला ब्रेकची सूचना तेवढी आधी मिळणे ही लहान गोष्ट नाही. एलईडी दीर्घकाळ टिकतात हेही खरे. पण त्यांच्या पट्टीवरील डाख तापण्या-थंडावण्याने तडकू शकतो. मग दिवा अर्ध्या तासाने जातो आणि थंड झाल्यावर परत येतो. गॅरेजमध्ये दोन मिनिटे लावून पाहिलेल्या दिव्यात हा दोष सापडणार नाही.

काही लोक मूळच्या बल्बच्या जागी बाजारातील एलईडी बल्ब बसवतात. एलईडीला फार थोडा प्रवाह लागतो. त्यामुळे नियंत्रक पेटीला बल्ब गेला असे वाटते आणि ती चुकीची सूचना देते. बल्ब शाबूत आहे का, हे तपासण्यासाठी काही पेट्या बंद दिव्यालाही क्षणभर विजेचे सूक्ष्म ठोके देतात. साध्या बल्बचा तंतू त्यांनी उजळत नाही, पण एलईडी लुकलुकतो. येथे गाडी बिघडलेली नसते; तिला न मानवणारा भाग तिच्यात घातलेला असतो.

शोधाची पद्धत

शोधाची सुरुवात प्रश्नांपासून करावी. दिवा केव्हा जातो? खड्ड्यात, पावसात की बराच वेळ चालवल्यानंतर? एकच दिवा जातो की दोन्ही? ब्रेकचा दिवा त्या वेळी लागतो का? डिकीत सामान होते का? गाडीला नुकताच धक्का बसला होता का किंवा तिच्यात नवे काही बसवले होते का? मालकाला साऱ्याच प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत, पण दोन-तीन उत्तरांनीही शोधाचे क्षेत्र लहान होते.

दुसरी पायरी म्हणजे दोषाची व्याप्ती पाहणे. डावा, उजवा आणि मध्यभागी उंचावर असलेला असे तिन्ही ब्रेकचे दिवे एकदम जात असतील, तर प्रत्येक बल्ब तपासत बसण्यात अर्थ नाही. ब्रेकच्या पायपट्टीजवळचा स्विच, फ्यूज किंवा पुरवठ्याची सामाईक तार पाहावी. एकाच बाजूचे सारे दिवे मंद होत असतील, तर त्या बाजूची अर्थिंग पाहावी. एकच दिवा जात असेल, तर त्याचा होल्डर, कपलर आणि त्याची स्वतःची तार यांकडे वळावे.

तिसरी पायरी म्हणजे दोष मुद्दाम घडवून आणणे. दिवा लावून ठेवावा. त्याच्यावर हाताने हलकेच थोपटावे. कपलर आणि तारांचा गुच्छ एका वेळी थोडाथोडा हलवावा. डिकीचे झाकण उघडून आणि मिटवून पाहावे. अर्धा तास दिवा जळू द्यावा. या वेळी एका व्यक्तीने केवळ दिव्याकडे पाहत राहावे. कोणत्या हालचालीला दिवा लुकलुकला, हे नेमके कळले की अर्धे निदान झाले.

चौथी पायरी मोजमापाची. येथे मल्टिमीटर लागतो. पण तो कसा वापरावा याला महत्त्व आहे. तारेतील वीस धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक असला, तरी रोध मोजणारा मीटर तार ठीक असल्याचे दाखवू शकतो. कारण मीटर स्वतः अगदी अल्प प्रवाह वापरतो. म्हणून दिवा चालू असताना, म्हणजे तारेवर भार असताना, व्होल्ट मोजावेत. मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थिंगवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावे. चांगल्या जोडणीत हा आकडा शून्याच्या जवळ, साधारण 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत असतो. तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. जाण्याच्या वाटेसाठीही हीच रीत वापरता येते. तारेचे आवरण सुईने टोचून मोजमाप करू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि उद्याचा दोष आजच पेरला जातो.

शेवटची पायरी म्हणजे एका वेळी एकच बदल करणे. बल्ब, होल्डर आणि अर्थिंग एकाच दिवशी बदलले आणि दिवा लागला, तर खरा दोष कोणता होता हे कळत नाही. कदाचित तिन्हींपैकी एकही नसेल आणि तार हलल्यामुळे दिवा तात्पुरता लागला असेल. बदलानंतर ज्या परिस्थितीत दोष येत होता, त्याच परिस्थितीत दिवा पुन्हा तपासावा. उजाडलेल्या अंगणात लागलेला दिवा घाटातही लागेल, असे गृहीत धरू नये.

उदाहरणाचा शेवट

नाशिकच्या त्या गाडीचे पुढे काय झाले? तिसऱ्या वेळी ती एका अनुभवी वायरमनकडे नेण्यात आली. त्याने डिकीला हातही लावला नाही. आधी दिवे लावायला सांगितले आणि तो गाडीमागे उभा राहिला. डावा दिवा बंद होता. त्याने डिकी उघडली, दिवा लागला. मिटली, दिवा गेला. तेव्हा दोन्ही वेळच्या तपासणीत दिवा का लागत होता, हे उघड झाले. बल्बपर्यंत पोहोचण्यासाठी डिकी उघडावी लागत होती आणि डिकी उघडताच वाकलेली तार सरळ होऊन तुटलेली टोके टेकत होती. तपासणीची कृतीच दोष लपवत होती.

वायरमनने मीटरच्या तारा लांबवून फटीतून बाहेर घेतल्या आणि झाकण मिटवून मोजमाप केले. रबरी नळीच्या अलीकडे 12 व्होल्ट होते, पलीकडे काहीच नव्हते. नळी मागे सरकवल्यावर तुटलेली तार सापडली. शेजारच्या दोन तारांची आवरणेही चिरलेली होती. त्याने तिन्ही तारांचे ते तुकडे काढून नव्या लवचीक तारेचे तुकडे घातले आणि सांधे वाकणाऱ्या भागापासून दूर ठेवले. कारण ताठ सांधा वाकत राहिला, तर त्याच्याशेजारीच तार पुन्हा तुटते. काम संपल्यावर त्याने झाकण दहा-बारा वेळा उघडून मिटवले आणि संध्याकाळी अंधारात गाडी खडबडीत रस्त्यावर चालवून मागून पाहायला सांगितले. आधी बदललेला बल्ब निर्दोष होता. त्याच्यावरचा खर्च वाया गेला होता; पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, दुरुस्ती झाल्याच्या समाधानात ते कुटुंब आठ रात्री अर्ध्या अंधारात फिरत होते.

आपली जबाबदारी

मोटारीच्या मागील बाजूस तांबडा दिवा असावा, असे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत आहे. दंडाच्या भीतीने नियम पाळला जातो हे खरे. पण या नियमामागचा अर्थ त्याहून खोल आहे. हिवाळ्यात उत्तर भारतात दाट धुके पडते, तेव्हा पुढच्या वाहनाचा तांबडा ठिपका हाच मागच्या चालकाचा आधार असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. दिवा एक सेकंद उशिरा दिसला, तर तेवढे अंतर हातातून गेलेले असते.

दिवा तपासण्यासाठी दर वेळी गॅरेज गाठावे लागत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली, तर भिंतीवर पडलेल्या दोन तांबड्या उजेडांची तुलना आरशातून करता येते. ब्रेक दाबून उजेड वाढतो का तेही पाहता येते. घरातील मूलही मागे एका बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून 'दोन्ही लागले' असे सांगू शकते. रस्त्यात एखाद्या गाडीचा दिवा बंद दिसला आणि ती पुढे थांबलेली भेटली, तर तिच्या चालकाला तसे सांगणे हेही प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्या टेम्पोचालकाने चहा घेण्यापूर्वी दहा पावले चालून ते केले. शोधाला सुरुवात तेथूनच झाली.

स्वाध्याय

1. मागच्या दिव्याचा दोष गाडीच्या मालकाला सहसा का कळत नाही?
2. ब्रेक दाबल्यावर न लावलेले दिवे मिणमिणतात, यावरून कोणता निष्कर्ष काढता येईल? कारण लिहा.
3. 'तपासणीची कृतीच दोष लपवत होती.' पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
4. एका वेळी एकच बदल का करावा? तुमच्या घरातील एखाद्या उपकरणाचे उदाहरण देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
5. तुमच्या परिसरातील एखाद्या वायरमनशी बोला आणि त्याने शोधून काढलेल्या एका दोषाची हकिगत आपल्या शब्दांत लिहा.